परिषदेत मांडले, म्हणजे सिद्ध झाले?

मधुमेहावरचे नवे औषध जागतिक परिषदेत गुणकारी ठरले, अशी बातमी वाचली की अनेकांना ते सिद्धच झाले असे वाटते. चयापचयाच्या (शरीरात अन्नापासून ऊर्जा मिळवणाऱ्या व पेशींची घडण-मोड चालवणाऱ्या रासायनिक क्रिया) मधुमेहासारख्या विकारांवरील परिषदेचे आयोजक आधी शोधसारांश मागवतात. समिती ते वाचून निवडते. मूळ आकडेवारी सहसा तपासत नाही. पत्रिका जुळली, लग्न अजून लागायचे आहे! समपरीक्षण (त्याच विषयातील तज्ज्ञांकडून पूर्ण निबंधाची छाननी) नंतरचे, आणि बरेच सारांश तिथवर पोहोचतच नाहीत.

अपवादही असतात. सप्टेंबर २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या युरोपीय मधुमेह परिषदेत एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले, त्याच दिवशी छाननी झालेला निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केला.