ओळख पटली, पण निरोप कुणाचा?

अकोल्याच्या बाजार समितीत अडत्या शेतकऱ्याच्या पोराला चेहऱ्यानं ओळखतो. समजा, वाटेत कुणी त्या पोराच्या हाती चिठ्ठी दिली: "सगळी तूर आजच विका." पोरगा खरा, ओळख खरी, चिठ्ठी मात्र बापाची नाही.

संकेतस्थळावरची 'क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी' अगदी अशीच घडते. तुम्ही प्रशासक म्हणून लॉग-इन असता. दुसऱ्या टॅबमध्ये एखादी फसवी लिंक उघडता. ते पान तुमच्याच ब्राउझरकडून तुमच्या संकेतस्थळाला हुकूम पाठवतं. ओळखीची कुकी आपोआप सोबत जाते आणि सर्व्हर तो हुकूम मुकाट पाळतो. पासवर्ड चोरीला गेलेलाच नसतो, म्हणून ही फसवणूक मला जास्त धोक्याची वाटते.

२०२० च्या जानेवारीत, संकेतस्थळं बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीच्या 'कोड स्निपेट्स' या प्लगइनमध्ये (जोड-प्रोग्राममध्ये) अशाच फसवणुकीला वाव देणारी उणीव सापडली. ते दोन लाखांहून अधिक संकेतस्थळांवर होतं. प्रशासकाची एक टिचकी, आणि परक्याचा कोड तिथं चालू शकला असता. २.१४.० आवृत्तीत ती दुरुस्त झाली.

उपाय म्हणजे चिठ्ठीवर खुणेचा शिक्का. वर्डप्रेस त्याला 'नॉन्स' म्हणतं. तो सहसा जास्तीत जास्त २४ तास चालतो आणि बाहेरच्याला ठाऊक नसतो. प्लगइन लिहिणारा तो तपासायला विसरला, की दार उघडं.

अमरावती-अकोल्यात शाळेचं, दुकानाचं किंवा संस्थेचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनो, आजच प्लगइन अद्ययावत करा, नको असलेली काढून टाका, आणि काम संपलं की लॉग-आउट करा.