डेंग्यूचा डास आणि ढेकूण : दोघांची रीत ओळखा

डेंग्यूचा डास आणि ढेकूण, दोघेही आपल्या रक्तावर जगतात. पण तग धरण्याची दोघांची रीत अगदी वेगळी आहे. ती कळली तर कष्ट आणि पैसा दोन्ही वाचतात.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. मादी काही आठवडेच जगते, पण तिची अंडी चिवट असतात. पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या काठाशी ती चिकटवलेली असतात. पिंप कोरडे पडले तरी अंडी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की फुटतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ते आतून घासणीने खरवडून धुवा, वाळवा आणि घट्ट झाका.

नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण पिंपे भरतो. हा आपल्या अस्वच्छतेचा दोष नव्हे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. आज वस्तीने एकजुटीने नियमित पाणी मागणे हाही डेंग्यूवरचा उपाय आहे.

ढेकणाची तऱ्हा निराळी. त्याला पंख नाहीत. तो खाटेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत दडतो आणि रक्त न मिळताही अनेक महिने जगू शकतो. म्हणून घर महिनाभर बंद ठेवूनही ढेकूण जात नाहीत. त्याच्यामुळे रोग पसरतो असे आढळलेले नाही. पण खाज सुटते, झोप मोडते. त्याला उष्णता सोसत नाही. खाटेच्या फटींत उकळते पाणी ओता, चादरी-गोधड्या कडक गरम पाण्यात धुवा, शिवणी ब्रशने घासा. पंधरवड्याने पुन्हा हेच करा, कारण राहिलेल्या अंड्यांतून पिल्ले निघतात.

ढेकणांसाठी धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात कधीही ठेवू नका. त्यांच्या वायूने झोपेतच माणसे दगावली आहेत. शेतातले औषधही अंथरुणावर फवारू नका.

ताप आल्यास अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. ताप उतरताना पोटात जोरात दुखले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले किंवा रोगी गळून गेला, तर ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा.