स्पीकरच्या तारा: जाडी, जोडणी आणि मांडणी

घरातील स्टिरिओ संचातून सतत ‘घूं’ असा आवाज येऊ लागला किंवा खर्जातील स्वर क्षीण झाले की दोष सामान्यतः ॲम्प्लिफायरला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो संचामागे गुंतून पडलेल्या तारांमध्ये असतो आणि तो दूर करण्यास फारसा खर्चही येत नाही.

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेत महत्त्व असते ते जाडीला. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विद्युत रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर १० मीटर अंतरावर असल्यास जाण्यायेण्याचा मार्ग २० मीटरचा होतो आणि रोध सुमारे ०.३४ ओहमवर जातो. तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. त्यानुसार ८ ओहमच्या स्पीकरला ही तार चालते. ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी लागते. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी तांब्याची लवचिक तार यासाठी पुरेशी असते. दोन्ही स्पीकरच्या तारा तंतोतंत समान लांबीच्या हव्यात, हा समजही निराधार आहे. दोनचार मीटरच्या फरकाने होणारा विलंब कानाला जाणवणे अशक्यच.

जोडणी करताना धन आणि ऋण टोकांची अदलाबदल होणार नाही, हे पाहावे. एकाच स्पीकरची टोके उलटी जोडली गेली, तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचे स्वर परस्परांना मारून टाकतात. नवा संच घेऊनही ‘आवाजात दम नाही’ अशी तक्रार असते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण आढळते. तारेच्या एका पदरावर असलेली रेघ याचसाठी असते. जोडणी संच बंद ठेवूनच करावी. तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला चिकटला, तर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे आणि ‘घूं’ हा आवाज बहुधा त्याचाच असतो. विजेच्या तारा आणि सीडी प्लेअरकडून येणाऱ्या बारीक सिग्नलच्या तारा एकत्र बांधल्यास तो वाढतो. त्या दूर ठेवाव्यात, ओलांडणे अटळ असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. केबल टीव्हीची तार काढताच आवाज थांबत असेल, तर संचाला दोन मार्गांनी अर्थिंग मिळत आहे, असे समजावे. अशा वेळी केबलच्या तारेत आयसोलेटर बसवावा. काही जण प्लगमधील अर्थिंगची पिनच काढून टाकतात. आवाज थांबतो, हे खरे; पण पुढे आत कधी बिघाड झाला, तर ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीत वीज उतरते आणि तिला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.