दमलेल्या बाबांना दिवसा झोप का येत नाही?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'आपले शरीर' हा विषय दिला. कोणी दातांवर लिहिले, कोणी डोळ्यांवर. मी झोपेवर लिहिते आहे. कारण झोपेवरून आमच्या घरी मोठे भांडण झाले होते.

आमच्या विहिरीवर मोटार आहे. शेतातली लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. मागच्या हिवाळ्यात गव्हाला पाणी भरायचे होते आणि नेमकी रात्रीची पाळी आली. बाबा घोंगडी आणि बॅटरी घेऊन रात्री अकराला जायचे, दिवस उगवल्यावर यायचे. आल्यावर खाटेवर पडायचे, पण नऊ वाजता परत उठून बसायचे. डोळे लाल लाल. माय म्हणायची, "झोपा ना हो, रातभर जागले." बाबा म्हणायचे, "झोपच येत नाही तर काय करू?" मग आमच्यावर चिडायचे.

चौथ्या रात्री बांधावर बसल्या बसल्या बाबांचा डोळा लागला. वाफा फुटला आणि पाणी शेजारच्या काकांच्या हरभऱ्यात गेले. हरभरा पिवळा पडला. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. काका म्हणाले, "दिवसभर घरी असतो, तेव्हा का झोपत नाही?"

मलाही तोच प्रश्न पडला. मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, झोप दोन गोष्टींवर चालते.

पहिली गोष्ट म्हणजे जागरणाचे ओझे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसीन नावाचा पदार्थ साठत जातो. जितके जास्त जागावे तितका तो वाढतो आणि झोप येते. झोपलो की तो कमी होतो. चहा प्यायला की त्याचे काम थोडा वेळ अडते, म्हणून तरतरी वाटते. पण ओझे तसेच राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. हे घड्याळ मेंदूत असते, तांदळाच्या दाण्याएवढे. ते साधारण चोवीस तासांत एक फेरी करते. डोळ्यांतून येणारा उजेड पाहून ते आपली वेळ रोज बरोबर लावून घेते. रात्री ते शरीराला सांगते, झोप. सकाळी सांगते, ऊठ.

हे मला आधी खरे वाटले नाही. मग काठीची होळी आठवली. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. लोक रात्रभर नाचतात. आम्ही गेलो होतो तेव्हा पहाटे चारला मला उभे राहवत नव्हते. पण उजाडल्यावर झोप उडाली! खरे तर तेव्हा जागरण आणखी वाढले होते. मग झोप कमी कशी झाली? कारण घड्याळाने सकाळ केली होती.

झाडांनाही घड्याळ असते. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेरां नावाच्या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले. ऊन दिसत नसूनही त्याची पाने दिवसा उघडली आणि रात्री मिटली. आम्हीही लाजाळूची कुंडी रात्री अंधाऱ्या कोठीत ठेवली. सकाळी दार उघडले तर पाने आधीच उघडलेली! फळांवर बसणाऱ्या बारीक माशीच्या शरीरात हे घड्याळ कसे चालते ते तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधले. त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बाबांचे कोडे सुटले. सकाळी बाबांचे ओझे भरलेले असते, पण घरी येताना डोळ्यांवर ऊन पडते. घड्याळ म्हणते, दिवस झाला. म्हणून झोप लवकर मोडते. घड्याळ रात्रीच्या कामाला सरावते न सरावते तोच पाळी बदलते. होळीचे जागरण वर्षातून एकदा असते, ते भरून निघते. बाबांचे भरून निघत नाही. यात बाबांचा आळस नाही. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. आमच्या शेताला मात्र अजून रात्रीची पाळी येते.

आपल्यालाही झोप पाहिजे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. मुलांची झोप पुरी होत नाही, म्हणून शाळेची वेळ बदलावी, असे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस डिसेंबर २०२३ मध्ये म्हणाले होते. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सांगितले की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. म्हणजे आपल्याच वर्गापर्यंत! पण रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहिला तर शाळा उशिरा भरून काय उपयोग? मी एकदा तसे केले आणि दुसऱ्या दिवशी सातचा पाढा चुकले. तो मला पाठ होता.

आमच्या घरी आता हे नियम आहेत :

१. बाबा रात्रीच्या पाळीवरून आले की आतल्या खोलीत झोपतात. खिडकीला गोधडी लावतो.
२. तेव्हा आम्ही अंगणात ओरडत नाही. टीव्ही बंद.
३. बाबा झोपायच्या आधी चहा घेत नाहीत.
४. आम्ही मुले नऊला झोपतो. मोबाईल मायच्या पेटीत.

मी हे सगळे काकांनाही वाचून दाखवले. काका काही बोलले नाहीत. पण पुढच्या रात्रपाळीला ते बाबांबरोबर गेले. आता एक जण बांधावर जागतो, दुसरा खोपीत डुलकी घेतो. नंतर वाफा एकदाही फुटला नाही.

पालकांनो, तुमच्या घरीही कोणी रात्रभर पाणी भरून आले असेल, तर त्यांना दिवसा उठवू नका. एवढे सांगून मी लेख पुरा करते.

— इयत्ता चौथी