नवा गेम घ्यावा की थांबावं?

वाढदिवसाचे पैसे हातात आले की नवा व्हिडिओ गेम आजच हवा असं आम्हा मुलांना वाटतं. पण नवा गेम ७० डॉलरच्या घरात जातो! म्हणून आम्ही आधी तीन गोष्टी पाहतो.

पहिली, वयाची खूण. अमेरिकेत १९९४ पासून ती डब्यावर असते. 'ई' म्हणजे सर्वांसाठी, 'टी' १३ वर्षांपुढे, 'एम' १७ वर्षांपुढे.

दुसरी, परीक्षण कोणत्या यंत्रावरचं? 'सायबरपंक २०७७' हा मोठ्यांचा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला. आधीची परीक्षणं कॉम्प्युटरवर खेळून लिहिलेली, म्हणून चांगली होती. प्लेस्टेशन ४ वर मात्र तो सारखा अडखळे, बंद पडे. आठवड्याभरातच सोनीने त्याची ऑनलाइन विक्री थांबवली आणि पैसे परत देऊ केले.

तिसरी, थोडा धीर. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा पुष्कळजण नाराज झाले. मित्रांबरोबर नीट खेळण्याची सोय २०१८ मध्ये फुकट मिळाली.

वर्गात आपण म्हण शिकलो ना? 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!' दुकानात ती जरूर आठवा. आणि आई-बाबा, आम्ही नीट चौकशी करून आलो, तर आमचंही ऐका हं!