मिरवणूक झाली की लेझीम पोत्यात का?

मार्च सरत आला की सोलापूरच्या वस्त्यांत रात्री हलगी कडाडते आणि जयंतीच्या लेझमीचा सराव सुरू होतो. शाळकरी पोरे, कॉलेजच्या मुली, कामावरून आलेले बाप एकाच तालावर वाकतात, बसतात, उठतात. पाय, कंबर, खांदे, दम, सगळ्यांचाच व्यायाम होतो. मिरवणूक झाली की लेझीम पोत्यात जाते, ती पुढच्या मार्चपर्यंत. आणि आया तर बहुधा सरावातही कडेला उभ्या राहून बघतात.

वस्तीत आम्ही आरोग्यावर बोलायला बसलो की भगिनींचे उत्तर ठरलेले असते : "दिवसभर राबतोय की, अजून कसला व्यायाम?" त्यात तथ्य आहे. पाणी वाहणे, झाडलोट, कामावर चालत जाणे, हे सगळे धरले जातेच. पण मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारीची बोटे तेवढी पळतात. मान खाली, पाय मुडपलेले, लक्ष हजार विड्यांच्या हिशेबाकडे. खेळताना माणूस हसतो. घाम येऊनही हलके वाटते आणि रात्री झोप लागते.

प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थोडी थोडी केली तरी चालते. रक्तदाब व साखर ताब्यात राहायला तिची मदत होते. तथागतांनीही अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. अन्न नीट पचणे आणि आजार कमी होणे त्यातलेच.

बाप पोरासोबत अर्धा तास खेळला तर तेवढा वेळ दोघांचेही मोबाईल बाजूला राहतात. अभ्यासावरून न बोलणारी मुलगी खेळताना मोकळी बोलते. खेळाने दारू सुटते असे आम्ही म्हणणार नाही. त्याला उपचारच लागतात. पण घरातली चिडचिड कमी होते, हे आम्ही पाहिले आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. आई खेळायला गेली तर भाकऱ्या कोण थापणार? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये. मैत्रिणीसोबत खेळता येते, आणि तिच्या वाटणीची चूलही सांभाळता येते. घरातल्या पुरुषांनी हे वाचावे म्हणूनच लिहितो आहोत.

सोलापूरच्या उन्हात सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच खेळावे. गुडघे दुखत असतील तर बैठका सोडून नुसते चालावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये, जवळ साखर ठेवावी, पायात चप्पल-बूट असावेत. छातीत दुखले, चक्कर आली तर थांबून लगेच दवाखाना गाठावा.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहारात ग्रंथवाचनाला भगिनी येतातच. वाचनाआधी अर्धा तास अंगणात लेझीम ठेवावी, मुलांना आणि नवऱ्यांनाही बोलवावे. लेझमीचे पोते मंडळाच्या खोलीत असते. किल्ली मागायला चार जणींनी मिळून जावे.