विश्लेषण : एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायत लढवता येते, त्याआधी नेतृत्वाचे धडे कुठे?

उरण तालुक्यातला विद्यार्थी अठराव्या वर्षी ग्रामपंचायतीसाठी मत देतो आणि एकविसाव्या वर्षी स्वतः उमेदवारी अर्ज भरू शकतो. मधली तीन वर्षे बहुतेकांची महाविद्यालयात जातात. या काळात नेतृत्व शिकण्याची सोय काय आहे?

महाविद्यालयीन निवडणुका बंद का झाल्या?

मुंबईत १९८९ मध्ये महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. अशा हिंसाचारानंतर १९९४च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये कार्यक्रमही ठरला, पण विधानसभा निवडणुकीमुळे तो पुढे ढकलला गेला. पाठोपाठ करोना आला. कायद्यात निवडणूक असूनही मतपेटी न पाहताच अनेक तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

निवडणूक झाल्यास नियम कोणते?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार पदवीच्या उमेदवाराचे वय १७ ते २२ असावे. किमान ७५ टक्के हजेरी हवी, निवडणुकीच्या वर्षी विषय राहिलेला नसावा आणि खर्च पाच हजार रुपयांच्या आत असावा.

मग नेतृत्व घडते कुठे?

मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजेच ‘एनएसएस’मध्ये. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास काम करावे लागते. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर असते. मुंबई विद्यापीठात या सहभागासाठी दहा वाढीव गुणांची सवलत आहे.

गुणांसाठी नाव नोंदवणारे असतातच, पण खरी परीक्षा गटप्रमुखाची होते. पीरवाडीच्या किनाऱ्यावर स्वच्छता करायची तर सकाळी मुलांना वेळेवर आणण्यापासून सुरुवात. भरती-ओहोटीची वेळ बघायची, हातमोजे पुरवायचे, वाळूत रुतलेली जाळी कोण उपसणार ते ठरवायचे. भरलेल्या गोण्या उचलायला गाडी आली नाही तर कचरा पुन्हा समुद्रात जातो. त्यामुळे स्थानिक प्रशासनाला आधी पत्र देणे आणि त्याचा पाठपुरावा करणे हाही कामाचाच भाग. झाडू मारणे कुणालाही जमते. पाठपुरावा शिकावा लागतो.

उरणमध्ये हे अधिक महत्त्वाचे का?

कारण इथला विकास जमिनीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जासईचे दि. बा. पाटील या लढ्याचे नेते. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व याच संघर्षातून पुढे आले. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल आली आणि त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. आता खारफुटी, पाणजे पाणथळ आणि मासेमारीचे प्रश्न पुढच्या पिढीसमोर आहेत. सातबारा, अधिसूचना आणि जनसुनावणीची नोटीस वाचता येणारे तरुण गावाला हवे आहेत.

पुढे काय करता येईल?

समाजकार्य किंवा विधी शाखेचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा आणि ग्रामपंचायत असे मार्ग आहेत. त्यासाठी एकविसावे वर्ष उजाडण्याची वाट पाहायची गरज नाही. अठरा पूर्ण झाले की ग्रामसभेत बसता येते आणि प्रश्नही विचारता येतो. शिबिरात गावाचे सर्वेक्षण केलेल्या विद्यार्थ्याने तीच वही घेऊन आपल्या गावच्या ग्रामसभेला जावे. नेतृत्वाचा पहिला तास तिथेच भरतो.